दोन दिवसांचा धाक

बोरखेडी, ता. दर्यापूर
९ जून २०२५

चि. पौर्णिमास रऊफचाचाचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

शेषरावचा गुडघा कसा आहे? त्याले म्हणा, एसटीचं स्टेअरिंग तीस वर्षं फिरवलं, आता जिने चढायची हौस सोड. माणिकबाईंची साखर उतरली का? लपून पेढा खाणं बंद झालं का? जावईबापूंची पाठ? धाकटीले दात आले असतील, कोणाकोणाले चावून राहिली? आणि तू. तुझी खुशाली तू कधी लिहीत नाहीस, म्हणून शेवटी विचारतो.

आमच्याकडे शहाजादीचा दमा पाऊस आला की उठतो, सध्या झोपला आहे. बकरीद परवाच झाली, तुझी आठवण काढली. माझं सारं ठीक, फक्त कान गेले. चाळीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त केले, त्यांची घरघर आत राहून गेली अन् बाहेरचं ऐकू येईना. फोनवर मी बोंबलतो, समोरचा बोंबलतो, अर्ध्या गावाले कळते, मलेच कळत नाही. म्हणून कागद. मी शाळेत गेलो नाही हे तुले माहीत आहे. औषधाच्या डब्यावरची माहिती वाचत वाचत अक्षर शिकलो, तेव्हा चुका पोटात घाल.

आता काम. आमच्या गावचा गोपाल, जमुनाबाईचा, सोळा सरून सतरावं लागलं. दोन वर्षं माझ्या दुकानात होता. मागच्या महिन्यात अकोल्यात चोरीच्या मोटरसायकलवर सापडला. सोबत एक मोठं पोट्टं होतं. गोपाल आता तुमच्या निरीक्षणगृहात आहे असं ऐकलं, आणि अशा पोरांचं तूच पाहतेस असं शेषराव म्हणाला. बेटा, पोरगं वाईट नाही, संगत वाईट. त्याच्यावर लक्ष ठेव. मारझोड होऊ देऊ नको. पण एक म्हातारा म्हणून सांगतो, धाक मात्र राहू दे. एखादं वर्ष कडक ठिकाणी राहिला तर सरळ होईल. ओलं लाकूड वाकते, वाळलं मोडते.

उत्तर पाठव.

तुझा,
रऊफचाचा

---

अकोला
१६ जून २०२५

ती. रऊफचाचांना सलाम.

बाबा जिने चढतातच. आई पेढा लपवत नाही, आता उघड खाते. धाकटीला दोन दात आले आणि पहिला चावा तिने बाबांच्या बोटाला घेतला. चाचींना सांगा, पावसाआधी औषध आणून ठेवा.

गोपालची फाइल माझ्याचकडे आहे. तुम्ही बाबांचे मित्र आहात हे मी बाल न्याय मंडळाला आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. माझं काम असं आहे: गोपाल कुठे वाढला, कुणाजवळ होता, कुठे घसरला, हे शोधून मंडळापुढे अहवाल ठेवायचा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सदस्य असतात. ते ठरवतील की त्याला विशेष गृहात पाठवायचं की माझ्या देखरेखीखाली घरी सोडायचं. विशेष गृह म्हणजे एक-दोन वर्षं बंदिस्त सुधारगृहात.

चाचा, तुमच्या लाकडाबद्दल थोडं भांडते. पोरांना जेल दाखवून, दम देऊन, चार दिवस आत ठेवून ती सुधारतात का, हे लोकांनी पाहिलेलं आहे. अंदाजाने नाही. काही पोरांना असा धाक दाखवला, तशाच दुसऱ्यांना नाही दाखवला, आणि नंतर दोघांचा माग ठेवला. धाक बसलेली पोरंच परत जास्त सापडली. उपयोग कशाचा होतो, तेही पाहिलंय. पोराला शक्यतो घरी ठेवायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं, हाताला ज्यात गती आहे ते काम द्यायचं, ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसवायचं, आणि एक मोठं माणूस असं हवं की जे रोज त्याची वाट पाहील. हे सगळ्या पोरांना लागू पडतं असं नाही. पण पुष्कळांना पडतं.

त्याची आई पहाटे कामाला जाते, वडील नाहीत. तेव्हा ते रोजचं माणूस मला गावात शोधायचं आहे. माझ्या मनात तुमचं नाव आहे.

दोन गोष्टी कळवा. तो तुमच्याकडे कसं काम करायचा? आणि मागच्या ऑगस्टमधलं पहिलं प्रकरण नेमकं काय होतं? कागदावर एवढंच आहे की एका पंपाची बॅटरी गेली, ‘खबर मिळाल्यावरून’ मुलाला आणलं आणि बॅटऱ्यांच्या एका जुन्या प्रकरणात जोडलं. खबर कुणी दिली ते नाही. इतक्या लहान गोष्टीसाठी मूल आत जायलाच नको होतं. तो बावीस दिवस राहिला. मोटरसायकलवाला मुलगा त्याला तिथेच भेटला.

तुमची,
पौर्णिमा

---

बोरखेडी
२७ जून २०२५

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

माणिकबाई उघड पेढा खातात हे वाचून शहाजादी इतकी हसली की दमाच उठला. तुझ्या बापाच्या बोटाले हळद लाव म्हणा. पेरण्या आटोपल्या. पुढच्या महिन्यात फवारण्या लागतील, दुकानापुढे पंपांची रांग लागेल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ते ‘माग ठेवून पाहिलं’ वाचून मले माझीच वही आठवली. तू लहानपणी तिच्यावर बैल काढला होतास. पंप बंद पडला की शेतकरी पहिले त्याले जमिनीवर आपटते. दहातला एखादा आपटून चालू होते, अन् मग सारं गाव आपटत सुटते. कोणी नोझल तोंडानं फुंकते. मी वहीत लिहून ठेवतो, कोणता पंप कशानं दुरुस्त केला अन् किती दिवसांत परत आला. फुंकलेला पंप आठ दिवसांत परत येते. उघडून, गाळणी धुऊन, आतलं रबराचं वायसर बदललेला अख्खा हंगाम चालते. हे मले कोणी शिकवलं नाही, वहीनं शिकवलं. तेव्हा तुझं म्हणणं मले पटते. माझ्या लाकडाचं बोलणं मी मागे घेतो.

गोपालचं विचारलंस. माझे डोळे कमजोर झाले तशी ती वही त्यानंच लिहिली. अक्षर पाहशील तर छापल्यासारखं. पंप हातात घेतला की कानाशी नेऊन हलवायचा अन् सांगायचा, "चाचा, याचं वायसर गेलं." मी बहिरा, म्हणून तोच माझा कान. जेवताना डबा उघडला की पहिले माझ्या डब्यात काय आहे ते पाहायचा. "चाचीनं खिचडा केला का? मंग माही भाकर तुमी घ्या." असं पोट्टं.

बॅटरी भगवंतरावांच्या पंपाची होती. पंप माझ्याच दुकानात दुरुस्तीले आला होता. गोपालनं काढून दर्यापुरात विकली, मोबाइलची फुटलेली काच बदलायले. हे खरं आहे, लपवत नाही. पुढचं काय सांगू? भगवंतराव मोठे शेतकरी, ठाण्यात त्यांची उठबस. जमुनाबाई त्या दिवसापासून त्यांच्या शेतात कापूस वेचायले जात नाही, त्यांच्या दारावरून जाताना पदर ओढून घेते. गाव काय म्हणते ते तू समजून घे. मी कोणाचं नाव घेणार नाही.

रोजच्या माणसाचं म्हणशील तर मी म्हातारा, बहिरा. तू दुसरा कोणी पाहिलास तर बरं.

रऊफचाचा

---

अकोला
११ जुलै २०२५

ती. रऊफचाचांना सलाम.

मंगळवारी बोरखेडीला येऊन गेले. दुकानाला कुलूप. चाची म्हणाल्या, तुम्ही सकाळीच वायसर आणायला अंजनगावला गेलात. मी येणार हे चार दिवस आधी कळवलं होतं. असो. चाचींनी पोटभर जेवू घातलं.

जमुनाबाईंना भेटले. त्यांच्या बोलण्यात तुमचंच नाव होतं. "रऊफभाऊनं मले ठाण्याबाहेर चहा पाजला, बसच्या तिकिटाले पैसे देल्ले. बाकी सारं गाव तोंड लपवून बसलं होतं." आणि भगवंतरावांबद्दल जे बोलल्या ते मी लिहीत नाही.

मग मी भगवंतरावांकडे गेले. खरं सांगते, मनात ठरवूनच गेले होते. तुमच्या पत्रावरून अहवालाच्या मसुद्यात लिहूनसुद्धा टाकलं होतं की तक्रार त्यांनी केली. गोपालला आणि त्यांना समोरासमोर बसवायचं, तर आधी त्यांची अढी काढावी लागेल, असा माझा हिशेब. म्हातारा माणूस खाटेवरून उठला आणि माझ्यावरच घसरला.

"बाई, तुमी शिकलेल्या. मले एक सांगा, मी तक्रार कायची करू? बॅटरी गेली हे मले मालूमच नोतं! रऊफनं दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी लावून पंप घरी आणून देल्ला. म्हणे जुनी खराब झाल्ती. पोट्टं आत गेल्यावर मले कळलं. तवापासून जमुना मायाकडं पाहत नाही. पोळ्याले तिच्या घरून दरसाल पुरणपोळी येते, गेल्या साली नाही आली. मी काय अन् कोनाले सांगू? चोरी माया घरची अन् चोरही मीच!"

चाचा, मी परत येताना बसमध्ये तुमची दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. तुम्ही कुठेही खोटं लिहिलेलं नाही. फक्त मला एका दारापर्यंत नेऊन सोडलंत.

आणखी एक. गोपालला मी तुमचं नाव सुचवलं होतं. म्हटलं, चाचांच्या दुकानात परत जाशील का? त्याने चपलेचा पट्टा ओढत विचारलं, "चाचानं सोताहून म्हनलं का?" मी म्हटलं, अजून नाही. त्यावर तो चप्पल पायात सरकवून आत निघून गेला. मला वाटलं, तुमच्यासमोर यायची त्याला लाज वाटते. आता तसं वाटत नाही.

सरळ विचारते. भगवंतरावांना माहीत नव्हतं. जमुनाबाई शेतावर होत्या. बॅटरी गेल्याचं माहीत होतं ते फक्त तुम्हाला. ठाण्यात फोन कुणी केला?

मंडळाची तारीख चार ऑगस्ट आहे.

पौर्णिमा

---

बोरखेडी
१५ जुलै २०२५

पौर्णिमा बेटा,

आज कोणाची खुशाली विचारत नाही. तोंड नाही.

फोन मी केला.

सोमवार होता, बारा ऑगस्ट. सकाळी भगवंतरावांचा पंप उघडला तर बॅटरीची जागा रिकामी. गोपाल समोर बसून दुसऱ्या पंपाची गाळणी धूत होता. मी विचारलं, "गोपाल, बॅटरी?" तो म्हणाला, "मले काय मालूम." त्याच्या खिशात मोबाइल होता, काच नवी. त्यानं ती लपवायची तसदीही घेतली नव्हती. मले चोरीचा राग आला नाही, त्याच्या ‘मले काय मालूम’चा आला. माझ्या डब्यात हात घालणारं पोट्टं माझ्या डोळ्यात पाहून खोटं बोललं.

आपल्याकडे काय करतात तुले माहीत आहे. पोट्टं हाताबाहेर चाललं की बापच ठाण्यातल्या ओळखीच्या जमादाराले सांगते, "जरा दम देऊन सोडा." माझ्या भावाले आमच्या अब्बांनी तसंच बसवलं होतं, एक दिवस. भाऊ सुधारला असं घरात सांगत. तो सुधारला की नुसता अब्बांशी आयुष्यभर कमी बोलला, हे कोणी माग ठेवून पाहिलं नाही. गोपालले बाप नाही. मी स्वतःले बाप समजलो.

जमादार माझ्या ओळखीचा. त्याच्या शेतावरचा पंप मीच पाहतो. फोन केला. दुपारी तो येऊन दुकानासमोरच्या स्टँडवरून गोपालले घेऊन गेला. गोपाल जाताना माझ्याकडे वळून पाहत होता, की चाचा उठतील, काही बोलतील. मी खाली मान घालून नोझल पुसत बसलो. संध्याकाळी पुन्हा फोन केला. ओरडून सांगितलं, हात लावू नका, दोन दिवस ठेवा, डोकं ठिकाणावर येईल. मले वाटलं, जमादाराच्या खुर्चीजवळ बसवतील, झाडू मारायले लावतील, अन् बुधवारी संध्याकाळी मी जाऊन घेऊन येईन. येताना भजे खाऊ घालीन. इतकं सारं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिकडे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या चोरीचं जुनं प्रकरण पडून होतं अन् जमादारानं गोपालचं नाव आणखी दोन पोरांसोबत कागदावर चढवलं. पोरं जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना. मी धावत ठाण्यावर गेलो. फाटकाबाहेर जमुनाबाई दगडावर बसली होती. मले पाहून रडायले लागली. "रऊफभाऊ, भगवंतरावानं काहून असं केलं हो? एका बॅटरीपायी?"

बेटा, तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी चहा आणला.

आत गेलो असतो, म्हणालो असतो की माल माझ्या दुकानातला, फोन माझा, पोरगं माझं, मी जबाबदारी घेतो, तर तो कदाचित तिसऱ्या दिवशी घरी असता. पण तसं म्हणायचं तर जमुनाबाईसमोर म्हणावं लागलं असतं. मी तिले तिकिटाचे पैसे देऊन बसमध्ये बसवलं अन् भल्या माणसासारखा घरी आलो. ती आजही त्या चहाचं नाव काढते. शहाजादीलेही मी हे कालच सांगितलं. ती म्हणाली, "अजी, साल भर तुमने उस औरत के हात की पुरणपोळी खाई?" मग उठून निघून गेली.

गोपाल बावीस दिवसांनी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी परत आला. गल्लीतली लेकरं लाकडी बैल ओढत होती. तो माझ्या दुकानावरून गेला, थांबला नाही. मी मनात म्हटलं, धाक बसला. सुधारला. माझं डोकं पाहा.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वही काढून बसलो होतो. तुले पंपाचं लिहिलं, हे लिहिलं नाही. वहीत बारा ऑगस्टच्या सकाळपर्यंत गोपालचं अक्षर आहे. खाली माझं वाकडं. चाळीस वर्षं ज्यानं एकही पंप आपटून दुरुस्त केला नाही, त्यानं पोट्टं आपटलं. अन् भगवंतरावाचं नाव मी घेतलं नाही म्हणतो, पण दार दाखवलं. खोटं बोलण्याइतकंही धाडस झालं नाही माझ्यानं.

आता तू सांगशील ते करीन.

रऊफ

---

अकोला
२२ जुलै २०२५

ती. रऊफचाचांना,

तुमचं पत्र वाचून रागावले होते, अजूनही आहे. तुमच्यावर आहे तितकीच स्वतःवर. मी इतरांना सांगत फिरते की ऐकीव गोष्टीवर पोराचं आयुष्य ठरवू नका, आणि स्वतः भगवंतरावांचं नाव न तपासता लिहिलं, कारण ते तुमच्या अक्षरात आलं होतं. मसुदा फाडला आहे.

तुम्हाला माफ करणं माझ्या हातात नाही, तसा रकानाच नसतो अहवालात. पण काय करता येईल ते सांगते. चार तारखेला मंडळापुढे या आणि हे सगळं तुमच्या तोंडाने सांगा. गोपाल मुळात चोर म्हणून आत गेला नाही, धाक म्हणून गेला, आणि तिथून पुढची संगत लागली, हे मंडळाला कळायला हवं. त्यावर बरंच अवलंबून आहे. पण त्याआधी जमुनाबाईंना आणि भगवंतरावांना सांगा. त्यांनी ते मंडळाच्या खोलीत पहिल्यांदा ऐकू नये.

गोपालला मी सांगायला गेले होते. त्याने मला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणाला, "मॅडम, मले मालूम हाय." त्याला वर्षभर माहीत आहे, चाचा. कुणालाच बोलला नाही, आईलाही नाही. कागद मागितला. त्याने लिहिलेलं सोबत पाठवते, एक अक्षरही न बदलता.

पौर्णिमा

*

चाचा,

तुमी बहिरे म्हून फोनवर मोठ्यानं बोलता. जमादारानं फोन टेबलावर ठेवला होता अन् मी खाली फरशीवर बसलो होतो. सारं आयकू आलं. हात लावू नका म्हनले थे पन आयकलं. दोन दिवस ठेवा थे पन.

मले राग आला नाही तवा. म्हनलं ठीक हाय, चाचा चिडले, दोन दिवस हाय. दुसऱ्या दिवशी आमाले गाडीत बसवून दुसरीकडं नेलं. मी मोजत होतो. तिसरा दिवस पंधरा ऑगस्ट होता. झेंडा झाला अन् लाडू देल्ला. मी खाल्ला नाही. कागदात बांधला. तुमाले गोड आवडते अन् तुमी घ्याले येसान तं अर्धा अर्धा करू म्हनलं.

मंग मुंग्या लागल्या.

मायले सांगितलं नाही काऊन का ती तुमाले लय मानते. तिच्याजवळ दुसरं कोन हाय.

बॅटरी मी घेतली होती थे खरं हाय. मोटरसायकलचं पन खरं हाय.

गोपाल

---

बोरखेडी
५ ऑगस्ट २०२५

चि. गोपालले रऊफचाचाचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

कसा आहेस? हाताले गजकर्ण झालं होतं ते गेलं का? काल तू मंडळापुढे उभा होतास तेव्हा शर्ट सैल दिसला. जेवत जा. तुझी आई बरी आहे. तुझी बकरी व्याली, दोन पिल्लं. भगवंतरावांची कंबर दुखते, शहाजादीचा दमा सुरू झाला. सारे तुझी खुशाली विचारतात.

हे पत्र टपालानं टाकत नाही. पौर्णिमाच्या हाती देण्यासाठी उद्या सकाळच्या बसनं स्वतः अकोल्याले नेतो. काहून, तर वेळ थोडा आहे. काल मॅडम न्यायाधीशांनी तुले विचारलं, "रऊफभाईंच्या दुकानात रोज जाशील का? तुझी तयारी आहे का?" अन् तू म्हणालास, "मले दोन दिवस द्या." तू हे मुद्दाम म्हणालास की सहज, मले माहीत नाही. पण त्या खोलीत त्या शब्दाचं वजन आपल्या दोघांएवढं कोणाले कळलं नाही.

तुले सगळं माहीत असावं म्हणून लिहितो. तारखेच्या आधी मी तुझ्या आईकडे गेलो. ती अंगणात सोयाबीनचं तण काढून येऊन हात धूत होती. मी उभ्यानंच सांगितलं, फोनपासून चहापर्यंत. ती आत गेली, शहाजादीचा स्टीलचा डबा घेऊन आली, राखेनं घासला, पुसला अन् माझ्या हातात दिला. "हा तुमचा डबा." तेवढंच. काल बसमध्ये ती पुढच्या सीटवर होती, मी मागच्या. मूर्तिजापूरले बस थांबली, मी चहा विचारलाही नाही. तो चहा पाजायचा हक्क मी घालवला.

भगवंतरावांकडे गेलो तर ते पहिले पायताण शोधायले लागले. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "रऊफ, सालभर मी त्या बाईची नजर खाली मान घालून सोसली, थे कोन भरून देईन?" पण माणूस मोठा आहे. संध्याकाळी माझ्यासोबत तुझ्या घरी आले अन् तुझ्या आईसमोर म्हणाले, "पोट्टं रऊफकडं नाही गेलं तं माया मळ्यात ये म्हना. फवारे, ठिबक, मोटर, सारं पाहीन. कागदावर सही मी करतो." तशी सही त्यांनी काल पौर्णिमाजवळ देऊनही ठेवली.

म्हणून हे पत्र. गोपाल, नीट ऐक. तू मले ‘नाही’ म्हणालास तरी घरी येशील. पौर्णिमानं मंडळाले तसं लिहून दिलं आहे. आठवड्याले ती येऊन भेटेल, ज्याची मोटरसायकल गेली होती त्या माणसाले तू एकदा समोर बसून भेटशील, अन् काम भगवंतरावांकडे. तेव्हा विशेष गृहाच्या भीतीनं मले ‘हो’ म्हणू नको. भीतीपोटी आलेलं ‘हो’ मी एकदा मागून पाहिलं. कसं असते ते वर्षभर भोगलं.

मंडळापुढे मी जे बोललो ते तुझ्यासमोरच बोललो, पण तिथे ओरडून बोलावं लागलं, मलेच माझा आवाज ऐकू येत नव्हता. कागदावर हळू लिहितो. चोरी तुझी होती. ती तुझी राहील, तिचं जे करायचं ते तू करशील. पण बावीस दिवस तुझे नव्हते. ते माझे होते, मी तुझ्या अंगावर टाकले. अन् ज्या दिवशी तू लाडू बांधून ठेवलास त्या पंधरा ऑगस्टले मी दुकान उघडून बसलो होतो, गिऱ्हाइकांशी हसत होतो. हे तुझ्याजवळून लपवायचं नाही म्हणून लिहिलं.

फवारण्या लागल्या आहेत. दुकानात तेवीस पंप पडून आहेत. कोणाचं वायसर गेलं, कोणाची गाळणी तुंबली, कानाशी नेऊन हलवतो, पण मले काही ऐकू येत नाही. सारे उघडून पाहावे लागतात. वही समोर आहे. मागच्या बारा ऑगस्टनंतरचं सारं माझ्या वाकड्या अक्षरात आहे, ते मी खोडणार नाही.

तू दोन दिवस मोजून मागितलेस. उद्या संध्याकाळी ते संपतील. यावेळी मोजायची पाळी माझी आहे, अन् तिसऱ्या दिवशी मी बोलावणं असो की नसो, निरीक्षणगृहाच्या फाटकाबाहेर उभा राहीन. तू माझ्यासोबत निघालास तर सोबत येऊ. भगवंतरावांच्या गाडीत बसलास तर मी मागच्या बसनं येईन.

चार ओळी लिहून पौर्णिमाजवळ दे. शिवी लिहिलीस तरी चालेल, तुझ्या छापील अक्षरात ती मले चष्म्याशिवाय वाचता येईल. पण उत्तर दे, लेका. लवकर दे.

तुझा,
रऊफचाचा